कव्हरस्लिपच्या कडेला

आमच्या लॅबच्या कपाटात नेलपॉलिशची एक बाटली कायम असते. गुलाबी रंगाची, स्वस्तातली, आठवडी बाजारातून आणलेली. नवी मुलगी कामावर आली की तिला आधी त्या बाटलीचंच नवल वाटतं. ती सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीसाठी, सिकलिंगच्या स्लाइडसाठी आहे. काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटचं त्याच दिवशी केलेलं द्रावण मिसळायचं, वर कव्हरस्लिप, म्हणजे झाकणाची पातळ काच, अलगद सोडायची आणि चारही कडा नेलपॉलिशने लिंपून टाकायच्या. मेणानेही भागतं, व्हॅसलिननेही भागतं, पण माझा हात नेलपॉलिशवर बसला आहे. आत हवा शिरता कामा नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. द्रावण थेंबातला ऑक्सिजन संपवून टाकतं. काही माणसांच्या तांबड्या पेशी, एरवी अंगठ्याने मधे दाबलेल्या पेढ्यासारख्या गोल, ऑक्सिजन संपला की ताणल्या जातात, टोकदार आणि वाकड्या होतात. विळ्यासारख्या. इंग्रजीत सिकल, आमच्याकडे इळा म्हणतात.

हल्ली ही स्लाइड कमी लावली जाते. शिबिरात सोल्युबिलिटी टेस्ट असते. नळीत द्रावण, त्यात थोडं रक्त, आणि मागे काळ्या रेघांचा कागद. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. नळी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह, मग त्या माणसाचं रक्त पुढच्या तपासणीला जातं. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. पूर्व विदर्भात, मेळघाटात, नंदुरबारकडे त्याच्या कितीतरी आधीपासून हा आजार घरोघरी माहीत आहे. नळीचं काम झटपट होतं, रांग पुढे सरकते. तरी मी अधूनमधून स्लाइड लावते. नळी हो की नाही एवढंच सांगते. स्लाइडवर घडताना दिसतं.

काही वर्षांपूर्वी, पावसाळ्यात, लाइट जात-येत होती आणि घाईत एका स्लाइडचा कोपरा लिंपायचा राहून गेला. अर्ध्या तासाने बघितलं तर मधोमध सगळे विळे, आणि त्या उघड्या कोपऱ्यापाशी पेशी गोलच्या गोल. दोन्हींच्या मधे धड गोल नाहीत, धड वाकड्या नाहीत, अशा पेशींचा एक पट्टा. अशी स्लाइड बाद करायची असते. मी दुसरी लावली, पण पहिली टाकवेना. एकाच माणसाचं रक्त, एकच थेंब, एकच काच. हवा लागली तिथे गोल, नाही लागली तिथे विळा. डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला असताना प्रथिनांची रचना आणि कार्य हा धडा मी पाठ केला होता, मार्कही बरे पडले होते. तो मला कळला त्या कोपऱ्यावर.

तांबड्या पेशीत तसं बघितलं तर दुसरं काही नसतंच. तिने केंद्रकसुद्धा बाहेर टाकून दिलेलं असतं, सगळी जागा हिमोग्लोबिनला, ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रथिनाला, दिलेली असते. एका पेशीत सुमारे २७ कोटी हिमोग्लोबिनचे रेणू, बाजाराच्या दिवशी एसटीत माणसं उभी असतात तसे खांद्याला खांदा लावून. एकेक रेणू चार साखळ्यांचा. दोन अल्फा, प्रत्येकी १४१ ॲमिनो आम्लांच्या. दोन बीटा, प्रत्येकी १४६ च्या. सगळी मिळून ५७४. ॲमिनो आम्लं वीसच प्रकारची, पण कोणाच्या मागे कोण हा क्रम ठरलेला. आणि साखळी तयार झाली की ती त्या क्रमाप्रमाणे स्वतःच वळत, दुमडत आपल्या आकारात जाऊन बसते. तो आकार तिला बाहेरून कोणी देत नाही, तिच्या क्रमातच असतो. मला अजूनही हे वाक्य लिहिताना थांबावंसं वाटतं.

ती दुमडते कशी, हे समजायला मला पुस्तकापेक्षा आमचा सावजी रस्सा जास्त उपयोगी पडला. गरम रस्सा वाटीत वाढला की वर तर्रीचे बारीक थेंब दिसतात. नुसतं बघत बसलं तरी ते एकमेकांत मिसळत जातात, लहानाचे मोठे होतात. तेलाला तेलाची ओढ असते म्हणून नव्हे. पाणी त्याला आपल्यात घेत नाही म्हणून. ॲमिनो आम्लांतही काही तेलकट आहेत आणि काही पाण्यात रमणारी. पेशीत तर चहूकडे पाणीच. मग साखळी दुमडताना तेलकट मंडळी आत गाभ्याकडे सरकतात, पाण्यात रमणारी बाहेरच्या अंगाला राहतात. अंडं उकडताना याच्या उलटं होतं. उष्णतेने घडी मोडते, आतला तेलकट भाग उघडा पडतो, तो शेजारच्या उघड्या भागाला चिकटतो, आणि बलकाभोवतीचा पातळ पारदर्शक भाग पांढराघट्ट होऊन बसतो. त्या अंड्यातलं एकही ॲमिनो आम्ल कमी झालेलं नसतं. फक्त आकार गेलेला असतो.

आपल्याकडच्या एका माणसाचं नाव इथे घ्यायलाच हवं. जी. एन. रामचंद्रन. त्यांनी मद्रासमध्ये बसून १९५४ साली गोपीनाथ कर्था यांच्याबरोबर कोलॅजनची रचना मांडली, हाडं, कातडी आणि स्नायुबंधांतलं ते प्रथिन. तीन साखळ्यांची वेणी, आणि प्रत्येक तिसऱ्या जागी ग्लायसिन, सगळ्यांत छोटं ॲमिनो आम्ल, कारण वेणीच्या आतल्या जागेत दुसरं कोणी मावतच नाही. आमच्या शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव असतं तर मला आनंद झाला असता.

पण मला सांगायचं आहे ते प्रागच्या एका स्लाइडबद्दल. फेलिक्स हॉरोवित्झ नावाचे शास्त्रज्ञ तिथे हिमोग्लोबिनचे स्फटिक करत. लालभडक सुयांसारखे स्फटिक त्यांनी काही आठवडे थंडीत ठेवले होते. त्यात वाढलेल्या जंतूंनी ऑक्सिजन संपवला, आणि सुयांच्या जागी जांभळट षटकोनी चकत्या झाल्या. त्यातला थेंब त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. कव्हरस्लिपच्या कडेने हवा आत शिरत गेली तशा त्यांच्या डोळ्यांदेखत चकत्या विरघळल्या आणि पुन्हा लाल सुया झाल्या. १९३८ सालची ही गोष्ट. हिमोग्लोबिन ऑक्सिजन नुसता उचलून नेत नाही, उचलताना त्याचा स्वतःचा आकार बदलतो, हे त्या काचेवर दिसलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझा लिंपायचा राहिलेला कोपरा आठवला. ८० वर्षांचं आणि समुद्रापलीकडचं अंतर, पण कड तीच.

या बदलाचा पाठलाग मॅक्स पेरुत्झ यांनी जन्मभर केला. व्हिएन्नाचा हा तरुण १९३६ साली केंब्रिजला आला आणि पुढच्या वर्षी त्याने हिमोग्लोबिन हातात घेतलं. स्फटिकावर एक्स-रे सोडायचे आणि पलीकडे उमटलेल्या ठिपक्यांवरून आतली मांडणी ओळखायची. मधे महायुद्ध आलं, १९४० मध्ये शत्रुदेशाचा नागरिक म्हणून त्यांना पकडून थेट कॅनडात पाठवलं, ते परत आले आणि पुन्हा त्याच ठिपक्यांपाशी बसले. १९५३ मध्ये त्यांना युक्ती सापडली: हिमोग्लोबिनला पाऱ्याचे जड अणू चिकटवायचे आणि ठिपक्यांत काय फरक पडतो ते बघायचं. हाती घेतल्यापासून आकार दिसेपर्यंत २२ वर्षं गेली. १९६२ चं नोबेल त्यांना जॉन केंड्र्यू यांच्याबरोबर मिळालं. त्यानंतरही ते थांबले नाहीत, कारण आकार दिसला तरी तो बदलतो कसा हे कळायचं होतं. ते १९७० च्या सुमाराला उलगडलं. प्रत्येक साखळीच्या कुशीत हीमची एक चकती, तिच्या मध्यावर लोहाचा एक अणू. ऑक्सिजन नसताना हा अणू चकतीच्या पातळीतून किंचित वर आलेला असतो. ऑक्सिजन येऊन बसला की तो खाली पातळीत जातो, आणि जाताना त्याला बांधलेली साखळी ओढली जाते. एवढ्याशा ओढीने रेणूचा एक अर्धा भाग दुसऱ्यावर सुमारे १५ अंशांनी फिरतो. एका साखळीने ऑक्सिजन धरला की बाकीच्यांना धरणं सोपं होतं. एकीने सोडला की बाकीच्याही सैल पडतात. म्हणून फुप्फुसात भरभरून घेता येतो आणि धावणाऱ्या पायांच्या पोटऱ्यांत सोडता येतो. आपण श्वास घेतो म्हणजे छातीइतकंच तिथेही काहीतरी उघडत-मिटत असतं.

सिकलसेलमध्ये बीटा साखळीतल्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असतं. बस, एवढंच. चार साखळ्यांत बीटा दोन, म्हणजे ५७४ मध्ये दोन जागा. ग्लुटामिक पाण्यात रमणारं, व्हॅलिन तेलकट. सहावी जागा बाहेरच्या अंगाला, पाण्याकडे तोंड करून. तर्रीचा एक थेंब रस्सा सोडून एकटा पडावा तसं ते व्हॅलिन तिथे असतं. ऑक्सिजन धरलेला असतो तोवर त्याला लपायला जागा नसते आणि काही बिघडतही नाही. ऑक्सिजन सोडला की आकार बदलतो, आणि बदललेल्या आकारात शेजारच्या रेणूवर एक तेलकट खळगी उघडी पडते. व्हॅलिन त्या खळगीत जाऊन बसतं. त्या शेजाऱ्याचं पुढच्या शेजाऱ्यात. रेणूंचे लांबच लांब दोर वळले जातात, एकेका दोरात चौदा पेड, आणि ते दोर पेशीला आतून ताणून वाकडी करतात. पेशी कडक होते, केसाहून बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, मागच्यांना अडवते. पुढे रक्त पोचत नाही तिथे दुखतं. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत संपते.

पाणी कमी पडलं की आतली दाटी वाढते आणि दोर कितीतरी लवकर वळले जातात. म्हणून आम्ही प्रत्येकाला पाणी पी, पाणी पी म्हणतो. तो सल्ला साधा वाटतो म्हणून लोक हसण्यावारी नेतात. त्याच्यामागे २७ कोटी रेणूंमधलं अंतर आहे, हे मला दर वेळी सांगावंसं वाटतं आणि रांग लांब असते.

ज्याला हा बदल आईबापांपैकी एकाकडूनच आला तो वाहक, दोघांकडून आला तो ग्रस्त. आमच्या स्लाइडवरून वाहक कोण आणि ग्रस्त कोण हे कळत नाही, दोघांच्याही पेशी वाकतात. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस लागतं. पट्टीवर हिमोग्लोबिन ठेवून वीज सोडायची. ग्लुटामिकवर ऋण भार असतो, व्हॅलिनवर नसतो, म्हणून सिकलचं हिमोग्लोबिन मागे पडतं. वाहकाचे दोन पट्टे दिसतात, एक पुढे, एक मागे. ग्रस्ताचा पुढचा पट्टा नसतोच. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच फरकावरून हा रेणूचा आजार आहे असं जाहीर केलं. फरक नेमका कुठे, ते १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी पेरुत्झ यांच्याच विभागात शोधलं. त्यांनी हिमोग्लोबिनचे तुकडे केले, ते फिल्टर पेपरवर पसरवले, आणि निरोगी माणसाच्या ठिपक्यांशी ताडून पाहिले. सगळे ठिपके जागच्या जागी होते. एक सरकलेला होता.

माझ्या बहिणीचा मुलगा नऊ महिन्यांचा असताना त्याच्या हातापायांची बोटं सुजली. नजर लागली असं सगळ्यांनी धरलं. एका खाजगी दवाखान्यात वाताचं औषध मिळालं, दुसऱ्यात थंडीमुळे आहे म्हणाले. मी तेव्हा लॅबमध्ये काम करत होते आणि माझ्याही डोक्यात आलं नाही, याचं दुःख मला आहे. लेकरू जन्मल्यापासून सहा महिने चांगलं का होतं याचं उत्तर माझ्याच पुस्तकात होतं. आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. त्यात बीटा साखळी नसतेच, तिच्या जागी गॅमा असते. व्हॅलिन नाही, दोर नाहीत. सहा महिन्यांत ते हिमोग्लोबिन ओसरतं, बीटाची साखळी येते आणि तिच्याबरोबर आजार येतो.

रिपोर्ट आला. तो ग्रस्त, बहीण वाहक, भाऊजी वाहक. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी लॅबमध्ये स्वतःच्या बोटाला सुई टोचली. कडा नीट लिंपल्या. विळे दिसले. आपलं रक्त असं वाकताना बघणं म्हणजे काय, ते मी अजून कोणाला नीट सांगू शकलेले नाही. भीती वाटली नाही. मी इतकी वर्षं धावले, दोन बाळंतपणं केली, उन्हातान्हात शिबिरं केली, आणि माझ्या प्रत्येक पेशीत दोन्ही प्रकारची हिमोग्लोबिनं शेजारी शेजारी राहून माझं काम करत होती.

आईने मात्र जेवण सोडलं. तिच्या दोन्ही मुली वाहक निघाल्या होत्या. "माह्याच कुशीत खोट असन," एवढंच ती म्हणत राहिली. बायका स्वतःवर घेतात, हे मी काउंटरपलीकडून रोज बघते. नवरे रिपोर्ट घेऊन गप्प उभे राहतात आणि बाई विचारते, "माह्या रक्तात काय कमी हाय वो?" काही कमी नाही. ५७४ चे ५७४ आहेत. एका जागी दुसरं कोणी बसलं आहे.

आईला मी हिवतापाचं सांगितलं. आमच्या जंगलभागात हिवताप काय असतो हे तिला शिकवावं लागत नाही. तिची दोन भावंडं तापात गेली. ॲलिसन नावाच्या डॉक्टरांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवून दिलं की सिकलचे वाहक असलेली मुलं फाल्सिपेरम हिवतापाच्या तडाख्यातून जास्त तगतात. म्हणून तर हा बदल हिवतापाच्या मुलखांत टिकला, आफ्रिकेत, अरबस्तानात, आपल्याकडे. "खोट नाही वं आई," मी म्हटलं, "आपल्या कोण्या जुन्या आजीचं लेकरू तापातून वाचलं, ते याच्यानं. ते मेलं असतं तर तूही नसती, मीही नसती." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मंग आता ह्याला काऊन त्रास देते?" कारण दोन्हीकडून एकदम आलं की वाचवणारंच भारी पडतं. वाहक आईबापांना दर खेपेला चारात एक असा धोका असतो. हे मी तिला सांगितलं. ते तिला पटलं की नाही, मला माहीत नाही; पण तिने ताट ओढलं.

भाचा आता अकरावीला आहे, सायन्सला. रोज हायड्रॉक्सीयुरियाची गोळी घेतो. ती गोळी शरीराला पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन पुन्हा थोडं थोडं बनवायला लावते, आणि ते मधे मधे आलं की दोर वळायला वेळ लागतो. २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत जनुकात फेरफार करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. तोही हेच करतो, त्याच जुन्या हिमोग्लोबिनचं बंद झालेलं दार उघडतो. आमच्यापर्यंत तो कधी पोचेल ते पोचेल. गोळी सुरू झाल्यापासून भाच्याचं भरती होणं कमी झालं, हे माझ्या बहिणीला पुरेसं आहे. दुखणं उठलं की तो अजूनही भिंतीकडे तोंड करून झोपतो. एका दवाखान्यात नर्सने त्याला नाटक करतो म्हटलं होतं. ते तो विसरलेला नाही, मीही विसरलेले नाही.

मागच्या दिवाळीच्या सुटीत तो लॅबमध्ये आला आणि म्हणाला, मावशी, मला माझं दाखव.

मी त्याचा थेंब घेतला. तीन कडा लिंपल्या, चौथीचा कोपरा मुद्दाम उघडा ठेवला. तोवर आम्ही चहा घेतला, त्याने बाटलीवरचं नेलपॉलिशचं नाव वाचलं. मग मी त्याला स्टुलावर बसवलं आणि मधला भाग लावून दिला. तो काही बोलला नाही. त्याचा हात मात्र फाइन नॉबवर होता, आणि तो आधी कोणी न शिकवता बरोबर फिरवत होता. मी स्टेज हळूहळू कोपऱ्याकडे सरकवली.

"हे गोल आहेत," तो म्हणाला.

"हवा लागते त्यांना."

"माझेच?"

"तुझेच."

तो पुन्हा वाकला. थोड्या वेळाने त्याने विचारलं की हवेच्या इतक्या जवळ असून काही पेशी विळ्यासारख्याच का राहिल्या आहेत. मी त्याला खरं ते सांगितलं. आतले दोर सुटलेले असतात, पण पुन्हा पुन्हा वाकून पेशीचं बाहेरचं आवरणच आखडून जातं, मग ती गोल होत नाही. अशा किती आहेत, त्याने विचारलं. मोज, मी म्हटलं.

त्याने वहीचं मागचं पान काढलं आणि दोन रकाने आखले. बाहेर अंधार पडत आला होता, शिपाई दोनदा डोकावून गेला. मी नळ्या धुवायला घेतल्या. मागून त्याचा मोजण्याचा आवाज येत होता, आणि मधेच, "मावशी, थांब, हा बघ. हा एक आता फिरून राहिला."